जुन्या पिकअपचं डिझेल जातं कुठे?

पिकअप दहा-बारा वर्षांची झाली, मीटरवर दोन लाखांच्या आसपास आकडा आला, की गाडीमालकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: हिचं ॲव्हरेज आता वाढेल का, की इंजिनच थकलंय? गॅरेजमध्ये विचारलं तर कुणी नोझल बदला म्हणतं, कुणी पंप खोला म्हणतं, कुणी टाकीत ओतायची बाटली पुढे करतं. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की डिझेल खाणारा चोर इंजिनात बसलेला आहे. या प्रकरणात हेच गृहीतक तपासायचं आहे. जुन्या गाडीचं वाढलेलं डिझेल बहुतेक वेळा इंजिनाच्या वयामुळे जात नाही. चाकं, ब्रेक, वारा, वेग आणि रिकामी परत येणारी फेरी या वाटांनी ते जातं, आणि या वाटा बुजवायला फार पैसे लागत नाहीत. हे पटवायचं तर थोडा हिशेब मांडावा लागेल. हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

१. मोजमाप आधी

‘पूर्वी चौदा द्यायची, आता अकरा देते’ असं सांगणाऱ्याला ‘कसं मोजलं’ विचारलं, की बहुधा ‘अंदाजानं’ हे उत्तर येतं. काट्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही; टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याइतकं डिझेल धरेलच असं नाही. खरी रीत जुनीच आहे. टाकी फुल्ल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, आणि पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, पंपाची नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरायचं. समजा पहिला आकडा १,८४,३२० होता, दुसरा १,८४,७८२ आला, आणि दुसऱ्यांदा ३८.५ लिटर बसलं. ४६२ किलोमीटरला ३८.५ लिटर, म्हणजे लिटरला १२. असं सलग चार-पाच टाक्यांचं काढलं की जो आकडा हाती येतो, त्यावर बोलता येतं. एका टाकीच्या आकड्यावर काही ठरवू नये. एक दिवस घाटात अडकलेली गाडीही तो आकडा बिघडवते.

मीटरही खोटं बोलू शकतो. तो चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. टायर गुळगुळीत झाला की त्याचा घेर दोन-तीन टक्क्यांनी कमी होतो, तेवढ्याच अंतराला चाक जास्त फेरे मारतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. त्यामुळे नवे टायर टाकले की ‘ॲव्हरेज पडलं’ अशी तक्रार येते; पडलेलं काहीच नसतं, मीटर खरं बोलू लागलेला असतो. कुणी मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले असतील तर उलट होतं. मोबाइलवरच्या नकाशातलं पन्नास किलोमीटरचं अंतर आणि मीटरवरचं अंतर एकदा ताडून पाहिलं, की हा फरक कायमचा कळतो.

पंपावर माप कमी मिळतं ही शंकाही इथेच निकालात काढावी. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं आणि ते मागून तपासण्याचा ग्राहकाला हक्क आहे. डिझेलची घनताही तपासता येते. रॉकेलची भेसळ झाली तर ती घसरते, आणि लिटरमागे मिळणारी ऊर्जाही घसरते.

२. एका लिटरात किती काम असतं

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून तो विजेच्या बिलातल्या युनिटमध्ये करू: जवळपास १० युनिट. यातलं बरंचसं गाडी पुढे नेण्याच्या कामी येतच नाही. काही सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातं, काही रेडिएटरमधून हवेत जातं, काही इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या घर्षणात खर्च होतं. चांगलं डिझेल इंजिन आपल्या सर्वांत अनुकूल स्थितीत ३५ ते ४० टक्के ऊर्जेचं काम करून दाखवतं, पण रोजच्या वापरात ही स्थिती फार थोडा वेळ मिळते. जुन्या पिकअपच्या चाकांपर्यंत लिटरमागे अडीच युनिट पोचतात असं धरू. वस्तुस्थितीपासून ते फार दूर नाही.

आता खर्चाची बाजू. माल भरलेली पिकअप एकूण ३,००० किलोची धरू: सुमारे १,७०० गाडी आणि १,३०० माल. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या स्थिर वेगानं जाताना तिला दोन गोष्टी अडवतात. पहिली टायर. फिरताना टायर खाली चेपतो आणि पुन्हा वर येतो, त्यात ऊर्जा खर्च होऊन तो तापतो. या वजनाला दहा किलोमीटरमागे सुमारे १ युनिट यात जातं. दुसरा वारा. पिकअपचं तोंड रुंद आणि चौकोनी, मागे हौदा, त्यावर ताडपत्री. ६० च्या वेगाला दहा किलोमीटरमागे साधारण ०.८ युनिट वाऱ्यात जातं. एकूण १.८ युनिट. लिटरला अडीच युनिट मिळतात, म्हणजे लिटरला जवळपास १४ किलोमीटर.

हा आकडा आदर्श रस्त्याचा आहे. त्यात सिग्नल नाही, गतिरोधक नाही, घाट नाही. प्रत्यक्षात गाडी ११-१२ देत असेल तर मधले दोन-तीन किलोमीटर कुठे गेले, हाच शोधायचा मुद्दा. टायर आणि वारा यांची ही दोन खाती लक्षात ठेवली, की पुढची प्रत्येक सूचना कोणत्या खात्यात बसते आणि तिथे मुळात किती शिल्लक आहे, ते लगेच दिसतं. कुणी ‘तीस टक्के बचत’ असं सांगत आलं, तर ती कोणत्या खात्यातून निघणार हे त्याला विचारावं.

३. वेगाची किंमत

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दीडपट झाला तर विरोध सव्वादोन पट होतो. वरच्या हिशेबात टायरचं १ युनिट वेगानुसार फारसं बदलत नाही, पण वाऱ्याचं ०.८ युनिट ताशी ७० ला १.१ होतं आणि ८० ला १.४. बेरीज अनुक्रमे २.१ आणि २.४. म्हणजे तीच गाडी, तोच माल, तोच रस्ता, आणि लिटरला ६० च्या वेगानं १४, ७० च्या वेगानं १२, ८० च्या वेगानं साडेदहाच्या आत. जास्त ओढीखाली इंजिन थोडं जास्त कार्यक्षम चालतं, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून किंचित कमी भरतो, पण दिशा बदलत नाही. नवी नोझल, नवा फिल्टर आणि बाटलीतलं औषध मिळूनही लिटरमागे साडेतीन किलोमीटर देऊ शकणार नाहीत. पेट्रोलियम मंत्रालयाखाली १९७८ साली सुरू झालेली पीसीआरए ही इंधनबचतीची संस्था वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ चा सल्ला देत आली आहे, त्यामागे हेच गणित आहे. त्याहूनही सावकाश गेलं तर आणखी बचत होईल असं मात्र नाही. फार हळू चाललेल्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी इंजिन जास्त वेळ फिरवावं लागतं, आणि इंजिनाला स्वतःला फिरतं ठेवायलाही डिझेल लागतं.

यावरचा आक्षेप रास्त आहे. भाजीपाल्याची गाडी पहाटेच्या लिलावाला पोचली नाही, तर वाचलेल्या डिझेलचं काय करायचं? तेव्हा वेळेचाही हिशेब करू. नाशिकहून वाशीच्या बाजारात जाणारी गाडी सुमारे १७० किलोमीटर चालते. सलग ६० नं दोन तास पन्नास मिनिटं, सलग ८० नं दोन तास आठ मिनिटं. फरक ४२ मिनिटांचा. पण सलग ८० कुणालाच मिळत नाही. टोल, भिवंडीच्या अलीकडची कोंडी, ठाण्यातली गर्दी दोन्ही गाड्यांना सारखीच अडवते, त्यामुळे खरा फरक यापेक्षा कमी निघतो. सपाट रस्त्याच्या हिशेबानं खर्च सुमारे चार लिटरनं वाढतो, म्हणजे ९० रुपयांच्या भावानं साडेतीनशेच्या वर. त्या वाचलेल्या वेळात दुसरी फेरी बसत असेल तर ८० नं जाणं शहाणपणाचं आहे. वाशीला पोचून गाडी रांगेतच उभी राहणार असेल तर अर्धा तास आधी निघणं स्वस्त पडतं. वेग ही सवय म्हणून ठरू नये, भाड्याचा भाग म्हणून ठरावा, एवढंच या गणिताचं म्हणणं आहे.

वाऱ्याच्याच खात्यात ताडपत्री येते. सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्री आणि कॅबिनच्या वर फूट-दीड फूट आलेला माल वाऱ्याला अडवायचं क्षेत्रफळ वाढवतात. माल कॅबिनच्या उंचीत बसवून ताडपत्री ताणून आवळली, तर खर्च काही नाही आणि फायदा रोजचा. हौद्यावर कायमचा बसवलेला उंच पिंजरा वर्षातून दोनच महिने लागत असेल, तर बाकीचे दहा महिने तो उतरवून ठेवावा.

४. ब्रेकवर पडणारा पाय

हमरस्त्यावर वारा मोठा, तर गावात आणि शहरात ब्रेक मोठा. ३,००० किलोची गाडी ६० च्या वेगाला आणताना तिच्यात जी ऊर्जा भरली जाते ती ०.१२ युनिटच्या आसपास असते, आणि ती भरायला सुमारे ४५ मिलिलिटर डिझेल लागतं, म्हणजे अर्ध्या कटिंग चहाहून थोडं जास्त. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळं ड्रमच्या उष्णतेत जातं. परत वेग घ्यायला तेवढंच पुन्हा ओतावं लागतं. चार रुपयांचा हा खर्च एका वेळेला क्षुल्लक वाटतो, पण गतिरोधकापर्यंत जोरात जाऊन करकचून थांबणारा ड्रायव्हर दिवसभरात तो पन्नास वेळा करतो. गतिरोधक दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणाऱ्या ड्रायव्हरची गाडी तेच अंतर आधी भरलेल्या ऊर्जेवर कापते. दोघे पोचतात जवळपास एकाच वेळी.

पाय काढताना गाडी गिअरमध्ये हवी. इथे जुना वाद उभा राहतो: उतारावर न्यूट्रल मारलं तर डिझेल वाचतं की नाही? गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की पंपातला गव्हर्नर, किंवा नंतरच्या गाड्यांत संगणक, डिझेल जवळपास पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं आणि ते तासाला अर्धा ते एक लिटर पितं. म्हणजे तीव्र घाटात न्यूट्रल हे उलट महाग आहे. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते, हे खरं, आणि तिथे थोडं डिझेल वाचू शकतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो फायदा किलोमीटरमागे काही मिलिलिटरचा असतो, आणि त्याच्या बदल्यात भरल्या गाडीचं सगळं वजन ब्रेक लायनरवर जातं. लायनर तापले की पकड सुटते. त्याहून वाईट म्हणजे चावी फिरवून इंजिन बंद करून उतरणं. डिझेल गाडीच्या ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम एक छोटा पंप तयार करतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. इंजिन थांबलं की तो पंप थांबतो, दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही त्याच क्षणी जड होतं.

गिअरबद्दल थोडक्यात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत, जरा जास्त ओढीखाली सर्वांत कमी डिझेलमध्ये काम करतं. साधारण १,५०० ते २,००० फेऱ्यांचा पट्टा चांगला. म्हणून वरचा गिअर लवकर टाकावा, पण गाडी हबकायला लागेपर्यंत ताणू नये. हबकणाऱ्या इंजिनाला पाय दाबून ओढायला लावलं, तर अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागे दिसतं.

५. जुनेपणा खरा कुठे असतो

आता गाडीच्या वयाकडे. वय पहिल्यांदा दिसतं ते चाकांत, आणि तिथे क्वचितच कुणी बघतं. मागच्या ड्रम ब्रेकचं ॲडजस्टमेंट गेलं, सिलेंडरमधलं पिस्टन गंजून अडकलं किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण सुटेनाशी झाली, की लायनर सतत ड्रमला घासत राहतो. चाकाच्या कडेवर फक्त पाच किलो वजनाइतकी ओढ पडली असं धरू. हातानं ती जेमतेम जाणवेल. पण दहा किलोमीटरमागे तिचा खर्च ०.१४ युनिटच्या आसपास आहे, म्हणजे १४ देणारी गाडी १३ वर येते. एका चाकापायी. हे पकडायला यंत्र लागत नाही. पंधरा-वीस किलोमीटर, शक्यतो ब्रेक कमी वापरून गाडी चालवायची, थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्यायची. तीन चाकं कोमट आणि एक झळ मारणारं, तर चोर तिथे आहे. मग जॅक लावून ते चाक हातानं फिरवून बघावं; बेअरिंगचा आवाज आणि ब्रेकची घासणी दोन्ही कळतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतोच. त्या निमित्तानं ब्रेकचं काम करून घेतलं की वेगळा खाडा पडत नाही.

टायरमधली हवा हे दुसरं. पंक्चरवाल्याकडे ‘अंदाजे मारा’ म्हणण्याची रीत आहे आणि ती महाग पडते. हवा ठरलेल्या मापाच्या पाचव्या हिश्शानं कमी असली, तर टायरचा विरोध साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. वरच्या हिशेबात लिटरमागे पाऊण किलोमीटर गेलं. माप गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं, भरल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळं. मोजायची सकाळी, टायर थंड असताना. ‘हवा जास्त भरली तर अजून वाचेल’ हा त्याचाच पुढचा तर्क. थोडं वाचेलही, पण टायर मधोमध झिजतो आणि पावसात रस्ता धरत नाही.

इंजिनाशी चिकटलेली एक गोष्ट मात्र मुद्दाम विस्तारानं सांगायला हवी, कारण ती बिघडत नाही, बिघडवली जाते. इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाचा छोटा वॉल्व्ह असतो. इंजिन थंड असताना तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ८० अंशांच्या आसपास पोचल्यावर उघडतो. उन्हाळ्यात घाटात गाडी तापली, की अनेक गॅरेजांत पहिला इलाज म्हणजे हा वॉल्व्ह काढून फेकणं. गाडी तापायची थांबते, मालक खूश होतो. पण त्यानंतर इंजिन कायमच थंडावलेलं राहतं, थंड सिलेंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल जाड राहतं आणि घर्षण वाढतं. तापण्याचं मूळ कारण, म्हणजे आतून बुजलेला रेडिएटर किंवा गळका वॉटर पंप, तसंच राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, किंवा पंधरा मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. नवा फार महाग नसतो. रेडिएटरच्या पंख्याचंही असंच असतं: गरज असेल तेव्हाच जोरात फिरणारा पंखा जाम होऊन सतत इंजिनाच्या वेगानं फिरू लागला, तर तो विनाकारण ताकद खातो, आणि त्याची घरघर कॅबिनपर्यंत ऐकू येते.

नोझल आणि पंपाबद्दल एव्हाना वाचक अस्वस्थ झाला असेल. त्यांचं महत्त्व आहेच. नोझल डिझेलची बारीक फवारणी करते. ती झिजली की फवारा थेंबांत पडतो, थेंब उशिरा जळतात. नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात अनेक दशकं डिझेल इंजेक्शनचे हे भाग बनत आले आहेत आणि त्यांची तपासणी करणारे कुशल पंप-नोझलवाले राज्यभर आहेत. पण त्यांच्याकडे जायचं लक्षण पाहून. काळा धूर, सकाळी स्टार्टिंगचा त्रास, एकाच सिलेंडरची ठोके मारल्यासारखी खडखड ही ती लक्षणं. त्याआधी एअर फिल्टर काढून बघावा आणि टर्बो असेल तर त्याच्या रबरी पाइपला चीर पडलीय का पाहावं. हवा कमी पडली तरी धूर काळाच येतो. धुरातली काजळी म्हणजे वाया गेलेलं सगळं डिझेल, असंही समजू नये. वजनानं ती थोडीच असते. ती सांगते एवढंच, की जळण्याचं काम वेळेवर होत नाही.

जुन्या इंजिनाला जाड ऑइल घालायचा सल्लाही सर्रास दिला जातो. ऑइल खाणाऱ्या इंजिनात त्यामागे काही कारण असू शकतं, पण ठणठणीत इंजिनात कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल म्हणजे घर्षणाला आमंत्रण. राहिल्या बाटल्या, पाइपला बांधायची चुंबकं आणि धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर वॉल्व्ह पत्रा लावून बंद करणं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि फार थोड्यांत काही फायदा दिसला, तोही किरकोळ. ईजीआर बंद करणं म्हणजे गाडीच्या प्रदूषण यंत्रणेशी छेडछाड. नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं वाढतात, आणि गाडी कायद्याच्या बाहेर जाते. काजळीनं भरलेला वॉल्व्ह साफ करून घेणं हा त्यावरचा सरळ उपाय.

६. उभी गाडी आणि रिकामी गाडी

बाजाराच्या फाटकाबाहेर, भराईच्या रांगेत, चहाच्या टपरीवर चालू ठेवलेलं इंजिन दिवसाला एक तास धरलं आणि तासाला ०.७ लिटर धरलं, तर पंचवीस दिवसांत साडेसतरा लिटर, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर. ‘टर्बो गाडी आल्याबरोबर बंद करायची नसते’ हे खरं आहे, पण त्यासाठी चढ ओढून आल्यावर अर्धं-एक मिनिट पुरतं. खरं कारण बरेचदा वेगळंच असतं: बॅटरी कमजोर, बंद केली तर धक्का मारावा लागेल. अशा गाडीची नवी बॅटरी काही महिन्यांत स्वतःची किंमत भरून काढते.

सगळ्यात मोठं खातं मात्र शेवटी येतं, कारण ते गाडीत नाही, धंद्यात आहे. मालाशिवायची १,७०० किलोची गाडी ६० च्या वेगाला टायरमध्ये ०.५५ युनिट खाते, पण वाऱ्यात तितकंच, ०.८. बेरीज १.३५. म्हणजे तेराशे किलो माल उतरवल्यावर खर्च फक्त एक चतुर्थांशानं कमी होतो. नाशिक-वाशी फेरीत तर याहून नवल आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, वाशी खाडीच्या काठावर, जवळपास समुद्राच्याच पातळीला. भरली गाडी कसारा घाट उतरून खाली येते तेव्हा तिला उंचीचं जवळपास ५ युनिटचं, म्हणजे दोन लिटरचं, देणं मिळतं. त्यातलं काही घाटातल्या ब्रेकमध्ये जातं. रिकामी गाडी परत चढताना तिला २.८ युनिट, सव्वा लिटरच्या आत, जादा भरावं लागतं. आकडे मांडले तर जाताना अकरा लिटरच्या आसपास आणि येताना साडेदहाच्या आसपास! भाडं एका बाजूचं आणि डिझेल जवळपास दोन्हीकडे सारखं. जो मालक फक्त जाण्याच्या बाजूचं ॲव्हरेज मोजून समाधानी आहे, तो निम्मा हिशेब पाहतोय. परतीला आठवड्यातून एक-दोनदा जरी रिकामे क्रेट, किराणा किंवा फर्निचरचं भाडं मिळालं, तरी टनामागचा डिझेलचा खर्च जेवढा उतरतो तेवढा कोणत्याही गॅरेजमध्ये उतरणार नाही.

मग याच तर्कानं जाताना जास्तच माल का भरू नये? टनामागे डिझेल कमी लागेल हे गणितात खरं निघतं, आणि तिथेच ते थांबतं. पाटे, क्लच, बेअरिंग आणि टायर ज्या वजनासाठी बनले त्यापलीकडे गेले, की त्यांचा खर्च डिझेलच्या बचतीला गिळतो. ब्रेकचं अंतर लांबतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे.

७. इंजिन कधी खोलायचं

एवढं करूनही आकडा हलला नाही, तर इंजिनावर संशय घ्यायची वेळ येते. त्याची साक्ष ॲव्हरेजपेक्षा इतर खुणा आधी देतात: ऑइलची पातळी दोन सर्व्हिसच्या मध्ये खाली जाते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून हवेचे भपकारे येतात, थंडीत इंजिन पटकन धरत नाही. फिटरकडून चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आणि ठरलेल्या मर्यादेत असतील, तर इंजिन खोलण्यात डिझेलच्या दृष्टीनं काहीच मिळकत नाही, मीटरवर काहीही आकडा असो.

खोलावंच लागलं तर खर्च वसुलीचा हिशेब आधी मांडावा. समजा महिन्याला ३,००० किलोमीटर धाव आहे आणि काम केल्यावर ॲव्हरेज १० वरून ११ वर जाणार आहे. ३०० लिटरच्या जागी २७३ लिटर लागेल; २७ लिटर, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आत. कामाचा अंदाज ८०,००० रुपये असेल, तर केवळ डिझेलमधून ते भरून यायला अडीच वर्षांहून जास्त लागतील. ऑइलची बचत, रस्त्यात बंद पडण्याची टळलेली भीती धरली तर मुदत थोडी आखूड होते. गाडी एवढा काळ ठेवायची नसेल, तर चांगले चार टायर, एक बॅटरी, ब्रेकचं काम आणि थर्मोस्टॅट यांना लावलेला पैसा त्याच्या कितीतरी आधी परत येतो.